मर्यादेतली डिजिटल संगीतरचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावर चाल रचताना कमी चॅनल (चॅनल म्हणजे एका वेळी एक आवाज वाजवणारी वाट), कमी मेमरी, मोजके स्वर किंवा मोजका वेळ अशी एखादी अट घालून काम करायचं ठरवलं असेल, किंवा करावं का असा विचार चालला असेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. वाद्य वाजवता यायलाच हवं असं नाही. स्वर, मात्रा, सप्तक एवढं माहीत असलं की पुरे.

मर्यादेत रचणं म्हणजे नक्की काय?

रचना सुरू करण्याआधी स्वतःसाठी एक-दोन वाटा बंद करायच्या आणि उरलेल्या जागेत पूर्ण रचना उभी करायची. ही पद्धत आली ती नाइलाजातून. १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकातली आवाजाची सिड चिप एका वेळी तीनच आवाज काढू शकायची. १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या खेळयंत्रात पाच चॅनल होते: दोन पल्स (चौकोनी लहर), एक त्रिकोणी लहर, एक नॉइज (खरखर) आणि एक छोट्या सॅम्पलसाठी, म्हणजे नोंदवलेल्या आवाजाच्या तुकड्यासाठी. खेळात नायकाने उडी मारली की उडीचा आवाज यातलाच एखादा चॅनल हिसकावून घ्यायचा, म्हणजे चालीतला एक आवाज तेवढ्यापुरता गायब. १९८५ च्या अमिगा संगणकात चार चॅनल आले आणि त्यांवर कोणतंही आठ बिटी सॅम्पल वाजवता येऊ लागलं. तेव्हाच्या संगीतकारांना दुसरा पर्याय नव्हता. आज तो आपल्याकडे आहे, म्हणून मर्यादा मुद्दाम निवडावी लागते.

आजच्या संगणकावर शेकडो ट्रॅक चालतात. मग हात बांधून का घ्यायचे?

कानाला काय नसलं तरी चालतं, हे कळावं म्हणून. माझ्या मते बाकी सगळे फायदे यातूनच निघतात.

एक प्रयोग करून बघा. लांब धरलेला बेसचा स्वर आणि ड्रमचा ठोका एकाच चॅनलवर लिहा. ठोका पडतो तेवढा वेळ बेस खरोखर बंद असतो. पण ठोका आखूड असेल तर तो तुटलेला जाणवत नाही. ठोक्याच्या मागे बेस चालूच होता असं कान गृहीत धरतो. भरपूर ट्रॅक हाताशी असताना हे तपासायची वेळच येत नाही. बेस वेगळा, ठोका वेगळा, दोघांना वर उचलायला आणखी एक थर, असं चढवत गेलं की शेवटी कुठला आवाज कशासाठी आहे ते रचणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दुसरा फायदा आहे निर्णयांचा. आवाज निवडण्यातच संध्याकाळ गेली, हे बहुतेकांच्या ओळखीचं आहे. फॅमिकॉमच्या पल्स चॅनलला लहरीचे चारच आकार आहेत: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. त्यातले २५ आणि ७५ कानाला सारखेच लागतात, म्हणजे खरे पर्याय तीन. आवाज पाच मिनिटांत ठरतो आणि उरलेली संध्याकाळ चालीला मिळते.

सुरुवात कुठल्या मर्यादेने करावी?

चार चॅनल, एका चॅनलवर एका वेळी एकच स्वर, आणि कुठलाही इफेक्ट नाही. नवीन माणसाला मी कायम हेच सुचवतो. तीन चॅनल फार लवकर कोंडीत पकडतात आणि आठ चॅनलवर मर्यादा जवळजवळ जाणवत नाही.

साधनं मोफत मिळतात. मिल्कीट्रॅकर किंवा ओपनएमपीटी हा ट्रॅकर, म्हणजे स्वर ओळीओळीने लिहायचं सॉफ्टवेअर, घ्या आणि चारच चॅनलची फाइल उघडा. जुन्या चिपचा आवाज हवा असेल तर फेमीट्रॅकर किंवा फर्नेस. काहीच बसवायचं नसेल तर बीपबॉक्स ब्राउझरमध्येच चालतं. पिको-८ हे छोटे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, पण त्यात चार चॅनल, ६४ ध्वनी आणि प्रत्येक ध्वनीत ३२ स्वर ही चौकट तयारच मिळते. आणि सध्याचंच सॉफ्टवेअर सोडायचं नसेल तर त्यातही चार ट्रॅक उघडा, प्रत्येक ट्रॅकवर एका वेळी एकच स्वर ठेवा आणि प्लगइनच्या यादीकडे फिरकू नका.

चारच चॅनलमध्ये चाल, बेस, कॉर्ड आणि ठेका कसा बसवायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून याला जरा वेळ देतो.

आधी पहिला मोह टाळा: चाल, बेस, कॉर्ड, ठेका अशी एकेका चॅनलला कायमची नेमणूक करणं. तसं केलं की कॉर्डसाठी एकच स्वर उरतो आणि रचना पोकळ वाटते. चॅनल हा कामाचा माणूस आहे असं धरा. तो रिकामा दिसला की त्याला दुसरं काम द्यायचं. चालीत एका मात्रेचा विराम आहे? मग त्या विरामात चालीचा चॅनल ठेक्याचा एखादा हलका ठोका वाजवू शकतो.

कॉर्डसाठी जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे वेगवान अर्पेजिओ. कॉर्डचे तीन स्वर एकाच चॅनलवर इतक्या झटपट फिरवायचे की कान त्यांना एकत्र बांधतो. साठ हर्ट्झच्या यंत्रावर दर फ्रेमला (सेकंदाच्या साठाव्या भागाला) स्वर बदलला, तर तीन स्वरांची फेरी सेकंदाला २० वेळा पूर्ण होते. ट्रॅकरमध्ये त्यासाठी शून्य क्रमांकाची आज्ञा असते. ०४७ लिहिलं की मूळ स्वर, त्यावरचा चौथा अर्धस्वर आणि सातवा अर्धस्वर, म्हणजे मेजर कॉर्ड. ०३७ म्हणजे मायनर. जुन्या खेळांच्या संगीतातली ती ओळखीची थरथर इथूनच येते. मात्र संपूर्ण रचनेत एकसारखं हेच चालू राहिलं तर कान थकतो. मी कडव्यात दोन स्वरांवर भागवतो आणि तिसरा ध्रुवपदासाठी राखून ठेवतो.

अमिगावर आणखी एक वाट होती: अख्खी कॉर्डच एक सॅम्पल म्हणून नोंदवायची. एका चॅनलवर तीन-चार स्वर एकदम मिळतात. पण ती कॉर्ड वरखाली सरकवली की सगळे स्वर सारख्याच अंतराने सरकतात, त्यामुळे मेजर मेजरच राहते, आणि सॅम्पलची लांबीही बदलते. त्या काळच्या कित्येक नृत्यसंगीताच्या तुकड्यांमध्ये एकाच जातीच्या कॉर्ड वरखाली सरकताना ऐकू येतात, त्यामागे हे कारण आहे.

ठेक्याचं म्हणाल तर खर्जातला ठोका आणि बेस एकत्र नांदू शकतात. त्रिकोणी लहरीवर वरचा एक स्वर सुरू करून दोन-तीन फ्रेममध्ये झपकन खाली आणला की किकसारखा (ड्रमच्या खर्जातल्या ठोक्यासारखा) धक्का मिळतो, आणि लगेच तोच चॅनल बेसच्या स्वरावर स्थिरावतो. स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) आणि हायहॅटला (झांजेचा आवाज) नॉइज पुरतो. दोघांत फरक करायचा तो लांबीने आणि उंचीने.

एवढं झालं की कधीकधी एक चॅनल मोकळाच राहतो. तो भरलाच पाहिजे असं नाही.

रिव्हर्ब नाही, एको नाही. सगळं कोरडं लागतं. काय करू?

एको हातानेच लिहायचा. चॅनल मोकळा असेल तर सोपं: तीच चाल दोन-तीन ओळी उशिरा, कमी आवाजात लिहायची आणि सूर किंचित हलवायचा. चॅनल मोकळा नसेल तर एकाच चॅनलवर एको असा बसतो.

समजा चालीचे स्वर सम ओळींवर आहेत: ओळ ० वर रे, २ वर ग, ४ वर प. फॅमिकॉमच्या पल्स चॅनलला आवाजाच्या १६ पायऱ्या असतात, ० ते १५. चालीचे स्वर १२ वर ठेवा. आता विषम ओळी भरा: ओळ ३ वर पुन्हा रे, ओळ ५ वर ग, ओळ ७ वर प, सगळे ४ वर. प्रत्येक स्वर तीन ओळींनंतर हलकेच परत येतो. खरं तर ग चालू असतानाच रे त्याला कापतो. तरीही ऐकणाऱ्याला ग तुटल्यासारखा वाटत नाही, खोलीत जागा असल्यासारखी वाटते. ४ ऐवजी ७ करून बघा, लगेच गोंधळ होईल. ३ किंवा ४ च्या आसपासच ही गंमत टिकते.

ट्रॅकर वापरावा की पियानो रोल?

शिकण्यासाठी ट्रॅकर. पियानो रोलमध्ये स्वर आडवे पसरतात आणि रिकामी जागा डोळ्यांत भरत नाही. ट्रॅकरमध्ये वेळ वरून खाली जाते, प्रत्येक चॅनलचा एक स्तंभ असतो आणि रिकामी ओळ रिकामी दिसते. कुठला चॅनल कधी मोकळा आहे ते एका नजरेत कळतं.

ही मांडणी रूढ केली ती १९८७ साली कार्स्टन ओबार्स्कीने अमिगासाठी लिहिलेल्या अल्टिमेट साउंडट्रॅकरने. त्यात चार चॅनल आणि १५ सॅम्पल होती. पुढच्या प्रोट्रॅकरमध्ये सॅम्पल ३१ झाली. या फाइलींमध्ये स्वर आणि सॅम्पल दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे दुसऱ्याची रचना उघडली की ती कशी बांधली आहे ते ओळीनिशी दिसतं. अनेकांचं शिक्षण असंच झालं. एखादी आवडलेली रचना उघडा, तीन चॅनल बंद करा आणि उरलेला एकटा ऐका. त्यातून जे कळतं ते शिकवणीच्या व्हिडिओंमधून क्वचितच कळतं.

दुसऱ्याच्या फाइलमधली सॅम्पल घ्यावी का?

अभ्यासाला हरकत नाही. प्रकाशित करायचं असेल तर परवानगी असलेली किंवा स्वतः नोंदवलेलीच घ्या. टेबलावर मारलेली टिचकी फोनवर नोंदवली तरी कामाचा ठोका मिळतो.

ट्रॅकरमध्ये ६४ ओळींचा पॅटर्न असतो. सात मात्रांचं आवर्तन कसं लिहायचं?

एका मात्रेला चार ओळी धरल्या तर ६४ ओळी म्हणजे १६ मात्रा. सात मात्रांना २८ ओळी लागतात, म्हणून एका पॅटर्नमध्ये दोन आवर्तनं, ५६ ओळी. मोजणी शून्यापासून असल्याने ओळ ५५ वर पॅटर्न तोडण्याची आज्ञा द्या, पुढचा पॅटर्न बरोबर समेवर सुरू होईल. दहा मात्रांना ४० ओळी.

लयीबद्दल थोडं. प्रोट्रॅकरमध्ये टेम्पो १२५ आणि वेग ६ ही मूळ मांडणी असते, म्हणजे सेकंदाला ५० टिक (ट्रॅकरमधला वेळेचा सर्वांत लहान तुकडा) आणि दर ओळीला सहा टिक. चार ओळींची मात्रा धरली की मिनिटाला १२५ मात्रा होतात. लयीला झोल हवा असेल तर एक ओळ सात टिकांची आणि पुढची पाच टिकांची करा. सरासरी सहाच राहते, लय पळत नाही, पण चाल डुलायला लागते. एवढ्याशा बदलाने यांत्रिक ठेका माणसाळतो, म्हणून नवीन रचना ऐकताना मी आधी हेच करून बघतो.

मींड कशी आणायची?

ट्रॅकरमध्ये तीन क्रमांकाची आज्ञा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेते, चार क्रमांकाची आज्ञा आंदोलन देते. घसरण दर टिकला होते, ओळीला होत नाही. म्हणून वेगाचा आकडा वाढवून एका ओळीत जास्त टिक बसवले की मींड अधिक मुलायम होते.

मिडीमध्ये, म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या पद्धतीत, जरा अडचण आहे. १९८३ साली ठरलेल्या या पद्धतीत स्वराचा जोर ० ते १२७ मध्ये मोजतात, पण स्वर वरखाली सरकवणाऱ्या पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात. पायऱ्या भरपूर आहेत. अडतं ते दोन ठिकाणी. एक, बहुतेक वाद्यांवर बेंडचा पल्ला मुळात दोन अर्धस्वरांचा असतो, तो १२ वर न्यावा लागतो. दोन, बेंड संपूर्ण चॅनलला लागतो. त्याच चॅनलवर षड्ज धरून ठेवला असेल तर चालीबरोबर तोही घसरतो. धरलेला स्वर कायम वेगळ्या चॅनलवर ठेवा. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनल मिळतो, मात्र वाद्य आणि सॉफ्टवेअर दोघांनाही ती यायला हवी.

फाइलचा आकार हीच मर्यादा असेल तर?

मग रचनेबरोबर हिशेबही करावा लागतो. सीडीच्या दर्जाचा एक मिनिट स्टिरिओ आवाज सुमारे १ कोटी ६ लाख बाइट घेतो. आता सुपर निन्टेन्डो हे खेळयंत्र बघा: आवाजासाठी ६४ किलोबाइट मेमरी. सॅम्पल दाबून साठवले जायचे, १६ नमुन्यांना (लहरीच्या एकेका मोजमापांना) ९ बाइट. सगळी मेमरी सॅम्पलनाच दिली आणि सेकंदाला ३२,००० नमुने धरले, तरी सुमारे ३.६ सेकंदांच्या वर आवाज मावत नाही. त्यात चाल वाजवणारा प्रोग्रॅम आणि खुद्द चालही बसवायची. यंत्रात एको तयार होता, पण तो याच मेमरीतून जागा घ्यायचा: दर १६ मिलिसेकंदांना २ किलोबाइट. २४० मिलिसेकंदांचा सर्वांत लांब एको घेतला की ३० किलोबाइट गेले. प्रशस्त एको हवा की चांगला व्हायोलिन, असा प्रश्न तिथल्या संगीतकाराला खरोखर पडायचा.

यातून घेण्यासारखं असं की सॅम्पलची सुरुवात जपा आणि शेपूट कापा. वाद्य ओळखू येतं ते मुख्यतः पहिल्या काही मिलिसेकंदांत. पुढचा भाग एका छोट्या लूपवर चालतो. अगदी टोकाला गेलं तर लहरीचं एकच आवर्तन पुरतं. गेम बॉय या हातातल्या खेळयंत्राच्या वेव्ह चॅनलला ३२ नमुने मिळतात, प्रत्येकी चार बिट, म्हणजे संपूर्ण वाद्य १६ बाइटमध्ये.

डेमोसीनमधल्या (छोट्या प्रोग्रॅममधून चित्र आणि संगीत दाखवणाऱ्या हौशी मंडळींच्या) ६४ किलोबाइट आणि ४ किलोबाइटच्या स्पर्धांमध्ये सहसा सॅम्पल टाळतातच. चित्र आणि संगीत दोन्ही तेवढ्यात मावायला हवं, म्हणून छोटा सिंथेसायझर प्रोग्रॅममध्येच लिहितात आणि आवाज जागेवर तयार होतो. याहून पुढचं टोक म्हणजे २०११ मध्ये विल्ले-माटियास हेइक्किला याने पुढे आणलेलं बाइटबीट: एका ओळीचं सूत्र, सेकंदाला सहसा ८,००० वेळा मोजायचं, आलेला आकडा थेट स्पीकरला द्यायचा. तिथे चाल रचता येत नाही, ती सापडते. ऐकून बघावं असं आहे, पण शिकण्याची सुरुवात इथून करू नये.

यंत्राची अट नको, संगीताचीच हवी. उदाहरण?

लिगेती या संगीतकाराने १९५१ ते १९५३ दरम्यान पियानोसाठी ११ तुकडे लिहिले. पहिल्यात जवळजवळ शेवटपर्यंत एकच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत येतो, आणि अगदी शेवटी दुसरा. पुढच्या प्रत्येक तुकड्यात एक स्वर वाढत जातो आणि अकराव्यात बाराही येतात. पहिला तुकडा ऐकताना लक्ष लयीवर, जोरावर आणि सप्तकावर जातं, कारण दुसरं काही नसतंच.

संगणकावर हे करणं सोपं आहे. तीन स्वर ठरवा आणि दोन मिनिटांची रचना करा. किंवा चढत्या अंगाला एक स्वर वर्ज्य करा. किंवा एकच सॅम्पल घ्या, दार आपटल्याचा आवाज चालेल, आणि ठेका, बेस, चाल सगळं त्यातूनच काढा. हा तिसरा सराव मला सर्वांत फलदायी वाटतो. सॅम्पल दोन सप्तकं खाली नेलं की ते चौपट लांबतं आणि त्यात आधी न ऐकलेले तपशील बाहेर येतात.

वेळेची मर्यादा उपयोगी पडते का?

पडते, पण ती वेगळं शिकवते. एका तासात रचना पूर्ण करायच्या ऑनलाइन फेऱ्या होतात. फेब्रुवारीत १४ गाणी लिहिण्याचा एफएडब्ल्यूएम नावाचा उपक्रमही आहे. यातून पूर्ण करण्याची सवय लागते. बारकावा मात्र लागत नाही, त्यासाठी एकच रचना आठवडाभर घासावी लागते. आलटून पालटून करा.

अट मध्येच मोडली तर चालेल का?

मोडण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली: नेमका कुठला आवाज कमी पडतोय ते एका वाक्यात सांगता येतंय का? "काहीतरी भरगच्च हवं" हे कारण पुरेसं नाही. बहुतेक वेळा तेव्हा चालच लंगडी असते आणि पाचवा चॅनल ती झाकतो. "ध्रुवपदात बेस आणि उत्तर देणारा आवाज एकाच क्षणी हवेत, आणि एकालाही हलवता येत नाही" हे कारण झालं.

दुसरी: अट बदलायचीच तर संपूर्ण रचनेसाठी बदला. शेवटच्या २० सेकंदांपुरता पाचवा चॅनल उघडला तर ते दोन वेगवेगळ्या रचना चिकटवल्यासारखं वाटतं. पाचवा घेतलाच तर पहिल्या ओळीपासून त्याला काम द्या.

यासाठी अट सुरुवातीलाच लिहून ठेवावी, फाइलच्या नावात किंवा टिपणात. डोक्यात ठेवलेली अट रात्री उशिरा हळूच सैल होते.

आणि काही अटी खरोखरच चुकीच्या निवडलेल्या असतात. संथ, लांब श्वासाची चाल डोक्यात असेल आणि अट मात्र अर्धा सेकंदाच्या सॅम्पलची असेल, तर ती चाल बाजूला ठेवा, फेकू नका. तिला साजेशी अट नंतर सापडेल.

खरं जुनं यंत्र लागतं का?

नाही. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पुरेसा आहे. यंत्राची ओढ असेल तर जरूर घ्या. पण सिड चिपचा फिल्टर एका नगात एक आणि दुसऱ्यात वेगळा लागतो, हे आधीच माहीत असू द्या.

हेडफोनवर छान वाटतं, फोनच्या स्पीकरवर बेस गायब. का?

छोटा स्पीकर खालचे स्वर नीट वाजवूच शकत नाही. तरी बेस ऐकू येतो, कारण त्याचे वरचे अंशस्वर ऐकून कान मूळ स्वर मनात भरून घेतो. त्रिकोणी लहरीत हे अंशस्वर फार दुबळे असतात, म्हणून ती आधी हरवते. बेस एक सप्तक वर घ्या, किंवा ठोक्याच्या क्षणी पल्सचा छोटासा स्वर वरच्या सप्तकात जोडा.

अमिगाच्या धाटणीत काम करताना आणखी एक बघा. तिथे चॅनल १ आणि ४ पूर्ण डावीकडे, २ आणि ३ पूर्ण उजवीकडे जातात. स्पीकरवर हे खपून जातं, हेडफोनवर एकाच कानात बेस त्रासदायक होतो. आजच्या ट्रॅकरमध्ये हे अंतर कमी करता येतं, निम्म्यावर आणलं तरी पुरे.

ऐकणाऱ्याला अट सांगावी का? आणि फाइल कुठल्या स्वरूपात द्यावी?

रचना आधी अट न सांगता कोणाला तरी ऐकवा. "मध्ये काहीतरी राहिलंय का?" असं त्यांनी विचारलं तर तिथे परत जा. काहीच विचारलं नाही तर अट वर्णनात खुशाल लिहा. बरोबरीने काम करणाऱ्यांना ती वाचायला आवडते, आणि कोणी तुमच्यापेक्षा वेगळा मार्ग काढून दाखवला तर तोही तुम्हाला मिळतो.

फाइल मात्र दोन द्या. एक मूळ ट्रॅकर फाइल, म्हणजे ती उघडून बघता येईल. दुसरी तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेली, कारण वेगवेगळे प्लेअर काही आज्ञा वेगवेगळ्या पद्धतीने वाजवतात आणि हाताने लिहिलेला एको किंवा टिकांचा झोल एखाद्या ठिकाणी सपाट होऊ शकतो. रचना लूप होणारी असेल तर रेकॉर्डिंगमध्ये दोन फेऱ्या घ्या आणि दुसरीच्या शेवटी आवाज हळूहळू उतरवा. ट्रॅकर फाइलमध्ये तुमचं नाव आणि तारीख सॅम्पलच्या नावांच्या जागी लिहिता येते, पूर्वीपासून तशीच पद्धत आहे.